जत्रेतला बघ्या, जत्रेतला खेळगडी

कोल्हापूरला बघ्यांची कदर जुनीच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, ते शेवटच्या माणसालाही आखाड्यातली पकड दिसावी अशा उतरत्या बैठकीचे. आज मात्र मला बोलायचे आहे ते ज्यांच्या वाट्याला कायम बघ्याचीच जागा येते त्या मुलांविषयी. जोतिबाची यात्रा असो की रंकाळ्यावरची संध्याकाळ, व्हीलचेअरवरचे मूल कडेला थांबते आणि त्याच्या वाटणीचे फुगे त्याचा भाऊ फोडून येतो. दिव्यांग मुलांसाठी आपण जी एक दिवसाची जत्रा भरवू पाहत आहोत, तिथे तरी हे होऊ नये, एवढे माझे मागणे आहे.

मागणे हा शब्दही खरे तर चुकलाच. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्कांच्या करारात, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळता आले पाहिजे असे ३० व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. पण मैदानावर त्यांची व्यवस्था कशी लावायची, ते मांडव घालणाऱ्यालाच बघावे लागते.

रिंग टाकण्याचा साधा खेळ घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसलेल्या, अनेक मुलांना रिंग धरता येते, पण सोडताना बोटे उघडत नाहीत, आणि कोणी घाई केली की हात अधिकच ताठरतो. अशाच एका दिवशी एका उत्साही स्वयंसेवकाने एका मुलीचा हात धरून रिंग टाकली. ती नेमकी साबणाच्या वडीवर पडली, टाळ्या झाल्या, आणि मुलीने त्या वडीकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढच्या खेपेला तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या स्वयंसेवक पोराने नुसती वाट पाहिली. बऱ्याच वेळाने रिंग सुटली ती टेबलाखाली घरंगळत गेली, आणि मुलगी खदखदून हसत म्हणाली, ‘अजून एक!’ हरलेली ती रिंग तिची स्वतःची होती. म्हणून माझा आग्रह आहे, की खेळ निम्मे ठेवा पण प्रत्येक मुलाला दुप्पट वेळ द्या, आणि टेबल असे घ्या की व्हीलचेअरवरच्या मुलाचे गुडघे त्याखाली जातील.

पाहुण्यांची भाषणे उन्हात बसलेल्या मुलांना ऐकवू नयेत, यावर मी वेळ घालवत नाही.

फुग्यांविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. स्पायना बिफिडा असलेल्या, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेल्या, मुलांच्या लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया होतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना रबराच्या लेटेक्सची ॲलर्जी असते, कधी जिवावर बेतणारी. कमानीला फुग्यांऐवजी कागदी पताका लावाव्यात. फुगा फुटल्याच्या आवाजाने बिथरणारी स्वमग्न मुलेही त्यामुळे निर्धास्त राहतील. डॉल्बीशिवाय आपल्याकडे कार्य पार पडत नाही हे मी जाणतो, पण त्या दिवशी ती नको, आणि मैदानाच्या एका टोकाला कनात लावलेली शांत जागा असू द्या. व्यासपीठाला फळी टेकवून रॅम्प होत नाही. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते. भेळ वाटण्यापूर्वी आईला विचारा, कारण ज्याला गिळायला त्रास होतो त्याच्या घशात कोरडे चुरमुरे अडकतात.

आणि शेवटची गोष्ट, जी यादीत कधीच नसते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचे डायपर बदलायला आडोसा आणि एक कॉट लागते. ती नसली, की आई दोन तासांत मुलाला घेऊन घरची वाट धरते आणि आपण समजतो, पोरगं कंटाळलं.