निवृत्ती नसलेलं म्हातारपण

श्रोतेहो, नमस्कार.

1 ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, गावोगावच्या सभागृहांत सत्कार होतात. शाल, श्रीफळ, अध्यक्षीय भाषण आणि मग चहा-सामोसा. समोरच्या खुर्च्यांवर बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतले, एलआयसीतले, पाटबंधारे खात्यातले. त्यांचा सत्कार जरूर व्हावा, मीही त्याच खुर्च्यांवरचा. पण महाराष्ट्रातल्या साठी ओलांडलेल्या माणसांची यादी करून तिच्यात बोट ठेवा, ते आमच्यापैकी कोणावर पडण्याची शक्यता फार थोडी. ते पडेल एखाद्या बाईवर. खेड्यातल्या, बहुधा शाळा न पाहिलेल्या, कुठल्याही नोकरीतून कधीच निवृत्त न झालेल्या बाईवर. आज तिच्याबद्दल बोलू.

थोडे आकडे आधी सांगतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख भरली. त्यात साठीच्या पुढचे होते सुमारे 1 कोटी 11 लाख, म्हणजे शंभरात जवळपास 10. देशाचं प्रमाण तेव्हा 8.6 टक्के होतं. केरळ सगळ्यात पुढे, 12.6 वर, आणि आपला शेजारी गोवा 11.2 वर. 2021 ची जनगणना झाली नाही, पण केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटानं जे अंदाज मांडले त्यांत 2021 साठी महाराष्ट्राचा आकडा आहे 11.7 टक्के.

हे प्रमाण का वाढतं? माणसं जास्त जगायला लागली म्हणून, असं आपण पटकन म्हणतो. ते खरंच आहे, आयुर्मान बहात्तरच्या पुढे गेलं आहे. पण तेवढंच कारण नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. पिढीला पिढी पुरायची तर 2.1 लागतात. खालून भर कमी पडली की वरच्यांचा वाटा आपोआप वाढतो. 'एकावर थांबलो' असं अभिमानानं सांगणारं प्रत्येक घर या टक्केवारीत भर घालत असतं, आणि त्या एकट्या मुलावर किंवा मुलीवर पुढे चार म्हातारी माणसं येतात.

आता त्या बाईकडे वळू. 2011 ला राज्यात हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. साठीनंतर मात्र हा हिशेब उलटतो आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त होतात. जन्माआधी, लहानपणी, बाळंतपणात गळत गळत ज्या उरल्या त्या चिवट निघाल्या, असं म्हणा हवं तर. नवरा वयानं पाच-सात वर्षांनी मोठा, म्हणून तो आधी जातो. शिवाय बायको गेली तर पुरुषाचं दुसरं लग्न व्हायचं, बाईचं व्हायचं नाही. परिणाम असा की 2011 ला देशभरातल्या साठीपुढच्या बायकांत शंभरात 48 विधवा होत्या, पुरुषांत विधुर 15. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका शंभरात 28, पुरुष 59. हे आकडे देशाचे आहेत, पण आपल्या आजी-पणजीच्या वयाच्या बायका आठवून पाहा.

तिचं वय किती? इथेच पहिली अडचण येते. महाराष्ट्रात एका तारखेला जितके वाढदिवस येतात तितके दुसऱ्या कुठल्या तारखेला येत नसतील: 1 जून. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही, मग गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशेबानं 1 जून टाकून दिली. ही सोयसुद्धा शाळेत गेलेल्यांची. जी गेलीच नाही तिच्या आधारकार्डावर बहुधा 1 जानेवारी असते, आणि वर्ष असतं कार्ड काढणाऱ्या पोरानं तोंडाकडे बघून ठरवलेलं. तिला विचारा, ती सांगेल, 'कोयनेचा भूकंप झाला तवा माझं लगीन झालेलं, थोरला पोटात होता.' भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. संगणकाला तो चालत नाही. अंदाजानं टाकलेलं वय खऱ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी पडलं असेल, तर तेवढी वर्षं तिची पेन्शन गेली.

बरं, ज्येष्ठ कधीपासून म्हणायचं याबाबतही सरकारचं एकमत नाही. राज्याच्या धोरणात 2018 पासून साठ. एसटीचं अर्धं तिकीट पासष्टला, आणि फुकट प्रवास पंचाहत्तरला, तो 2022 पासून सुरू झाला. निराधार म्हाताऱ्यांना महिन्याला पैसे देणारी श्रावणबाळ योजना पासष्टला. केंद्राची आयुष्मान योजना, म्हणजे रुग्णालयातल्या उपचारांची, वय पाहून मिळते ती सत्तरला. रेल्वेची सवलत पुरुषांना साठला आणि बायकांना अठ्ठावन्नला होती, ती मार्च 2020 मध्ये बंद केली. हे सगळं लक्षात ठेवायला माणूस तरुण असावा लागतो!

ती काय करते? घरातले म्हणतील, 'आता काही नाही करत, बसून असते.' 2011 च्या जनगणनेत देशातल्या खेड्यांत साठीपुढचे 66 टक्के पुरुष आणि 28 टक्के बायका काम करणाऱ्यांत मोजल्या गेल्या. बायकांचा हा आकडा मला कधी पटलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. पाच-सहा महिने गावात कोण उरतं? म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. तीन नातवंडांच्या भाकरी, त्यांची आंघोळ-शाळा, गोठ्यातली शेळी, दुरून आणायचं पाणी, आणि वयात येणाऱ्या नातीची राखण. ही राखण नसेल तर आईबाप तोडीला जाऊच शकणार नाहीत. आपल्या चहातल्या साखरेत त्या आजीचाही घाम आहे. तिला याबद्दल कोणी दमडी दिलेली नाही आणि कुठल्या तक्त्यात तिची नोंदही नाही.

कोकणात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं दिसते. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, कारण पुरुष मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला घर भरतं, चाकरमानी परत गेले की मागे सासू आणि कुलूपबंद खोल्या. पुण्या-ठाण्यात मुलं अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असतात. तिथे पैशाचा प्रश्न सहसा नसतो, रात्री दोनला छातीत दुखलं तर दार कोण उघडणार हा असतो. त्या प्रश्नावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून येतं, म्हणून मी पुढे जातो.

पैशाकडे येऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना पेन्शन असते, 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सेवेत लागलेल्यांसाठी तीही बदलली, आणि 2023 च्या मार्चमध्ये त्यावरून मोठा संप झाला. साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था, एसटी, इथून निवृत्त झालेल्यांना ईपीएस 95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या 1995 च्या योजनेची पेन्शन. तिची किमान रक्कम 2014 पासून महिना 1,000 रुपये. या पेन्शनवाढीसाठी बुलढाण्यात वृद्धांनी उपोषणं केली आहेत. आणि ज्यांना यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी श्रावणबाळ, किंवा गावाच्या भाषेत 'निराधारचे पैसे': महिना 1,500. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर यात 200 रुपये केंद्राचे असतात, बाकी राज्याचे. ऐंशी वर्षं गाठली की केंद्राचे 500 होतात.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलं तर अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. कुटुंबाचं, तिचं एकटीचं नव्हे. रोजगार हमीची मजुरी आता दिवसाला 300 च्या वर आहे. म्हणजे घरातल्या एका माणसानं वर्षात सत्तर दिवस खडी फोडली की कुटुंब अटीबाहेर गेलं. हे तलाठ्याला माहीत असतं, तहसीलमध्ये हे अर्ज पाहणाऱ्या संजय गांधी शाखेतल्या कारकुनाला माहीत असतं, सेतू केंद्रातल्या पोराला तर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. तरी 21,000 च्या आतलाच दाखला निघतो, कारण न निघाला तर म्हातारी उपाशी राहील. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यांना खोटं बोलायला लावणारी ही अट काढून टाकावी किंवा महागाईशी जोडावी. नाहीतर प्रामाणिक माणूस तेवढा वगळला जातो आणि ज्याची ओळख आहे त्याला दाखला मिळतो.

दाखला मिळाला, अर्ज मंजूर झाला, पैसे खात्यावर आले. आता ते हातात यायचे. बँकेची शाखा तालुक्याला, गावात बँकमित्र, म्हणजे बँकेच्या वतीनं पैसे देणारा पोरगा. टपरीएवढी जागा, एक लॅपटॉप, आणि वायरला लटकणारं अंगठ्याचं यंत्र. आजी अंगठा ठेवते. लाल दिवा. 'नीट दाबा.' पुन्हा लाल. ती अंगठा पदराला पुसते, पोरगा ओलं फडकं देतो, कोणीतरी व्हॅसलीनची डबी पुढे करतं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. आयुष्यभर खुरपं धरलं, राखेनं भांडी घासली, शेणानं सारवलं, त्या बोटांवर रेघा उरल्याच नाहीत. 'उद्या या आजी.' उद्या सर्व्हर डाऊन. गंमत पाहा, देशातलं पहिलं आधारकार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून इतकी वर्षं गेली, आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली आहे, पण ती त्या टपरीपर्यंत पोचायला हवी. मोतीबिंदू झालेल्या माणसाला 'डोळे मिचकावा' ही सूचना कोणीतरी मोठ्यानं सांगावीही लागते.

तब्येतीचं थोडक्यात. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं 2017-18 मध्ये देशभर पंचेचाळिशीपुढच्या सुमारे 72,000 माणसांची पाहणी केली. साठीपुढच्या दर चारांतल्या तिघांना काही ना काही जुनाट आजार निघाला, आणि आरोग्य विमा होता फक्त शंभरातल्या अठरांना. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची केंद्राची योजना आहे. ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही, आणि बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा खर्च असतो तो या गोळीचाच.

कायद्याचं एकच सांगतो, कारण ते उपयोगी पडतं. 2007 च्या कायद्यानुसार मुलं सांभाळत नसतील तर आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. याच कायद्याचं कलम 23 सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर घर-जमीन नावावर करून दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. म्हणून बक्षीसपत्र करणार असाल तर सांभाळण्याची अट कागदावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बायकोचं नाव लागतं, ते 'आता तुला काय करायचंय' म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन कमी केलं जातं. घरातल्या माणसानं विरोध करायची जागा ही.

आता पुढची जनगणना. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये होणार आहे. प्रगणक, म्हणजे बहुधा तुमच्याच शाळेतल्या बाई किंवा गुरुजी, दारात येतील आणि प्रत्येकाच्या कामाबद्दल विचारतील. गेल्या जनगणनेत घरच्या शेतातलं बिनपगारी काम, इतकंच काय घरच्यापुरतं दूधदुभतं, हेही कामात धरायचं असा नियम होता. तरीही ओट्यावरून उत्तर जातं, 'म्हातारी घरीच असते.' प्रगणक तसंच लिहितो. तेव्हा त्या दिवशी आजीला बाहेर बोलवा आणि ती गोठ्यात, शेतात, पोरांमागे काय काय करते ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. वयही तिलाच विचारा, भूकंपापासून मोजायला लागलं तरी चालेल.

एक दूरध्वनी क्रमांक सांगतो, कागद-पेन घ्या: 14567. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. पेन्शन अडकली, घरात त्रास होतोय, कायद्याचं विचारायचंय, नुसतं बोलायचंय, तरी लावता येतो. पुन्हा सांगतो, 1-4-5-6-7.

नमस्कार.