राणी मुंगीला एकटं सोडा

नमस्कार मंडळी. आज मुंग्यांबद्दल बोलायचंय, खरं तर एकाच मुंगीबद्दल. पावसाची चांगली सर येऊन गेली, वारा पडला, हवा दमट झाली की पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या राण्या हवेतच मीलन करतात, खाली उतरतात आणि स्वतःचे पंख स्वतःच पायाने ओढून पाडून टाकतात. नर बिचारे थोड्याच वेळात मरतात. आणि मग ती एकटी राणी जमिनीवर फट शोधत भराभर फिरते, ती तुम्हाला सापडली आणि घरी पाळायची असेल तर पुढे काय करायचं ते सांगतो.

आधी खात्री करा की ती मुंगीच आहे, कारण वाळवीही पावसानंतरच उडते आणि बरेच लोक तिथेच फसतात. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाडच, मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या. राणीची पाठ म्हणजे मधला भाग फुगीर असतो, कारण तिथे उडायचे स्नायू असतात, आणि पंख पडले असतील तर बाजूला बारीक वण दिसतात. पंख पाडले म्हणजे मीलन झालंच असं नाही हं, पण बहुतेक वेळा झालेलं असतं. चिमटीत पकडू नका, छोट्या डबीत अलगद चालू द्या तिला.

घर म्हणजे एक टेस्ट ट्यूब, बस. साधारण एक तृतीयांश पाणी भरायचं, मग कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत ढकलायचा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, बोळा ओला राहिला पाहिजे पण गळता कामा नये. मग राणी आत, आणि तोंडाला कोरडा कापूस, हवा खेळेल इतका सैल. ट्यूब आडवी ठेवायची, काळ्या कागदात गुंडाळायची आणि जिथे दार आपटत नाही, फ्रिजची थरथर पोचत नाही अशा जागी ठेवून द्यायची. माती नको, खाऊ नको, सजावट तर अजिबातच नको.

आता खाऊ नको म्हटलं की सगळे काळजीत पडतात. उपाशी मरेल की हो ती! नाही मरत. तिला आता आयुष्यात परत उडायचं नाहीये, म्हणून ते मोठे उडायचे स्नायू तिचं शरीर आतल्या आत विरघळवतं आणि त्यावर, अंगातल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पहिली पिल्लंही पोसते, आठवडेच्या आठवडे, एक कणही न खाता. मला यापेक्षा थोर गोष्ट कुठली वाटत नाही, खरंच सांगतो. काही जातींच्या राण्या मात्र असं करू शकत नाहीत, त्यांना मधूनमधून बाहेर जाऊन खाणं आणावं लागतं, म्हणून जात ओळखता आली तर बरं, आणि शंका असेल तर आठवड्याने साखरपाण्याचा एक थेंब काडीच्या टोकावर ठेवून बघा, नको असेल तर ती ढुंकूनही बघणार नाही, मग तो काढून टाकायचा.

माझी पहिली राणी मीच घालवली. हात शिवशिवायचे, दिवसातून चार-पाच वेळा कागद काढून टॉर्च मारून बघायचो. पाचव्या दिवशी अंड्यांचा एक छोटासा पांढरा पुंजका दिसला, साबुदाण्यापेक्षा कितीतरी बारीक, ती तो जबड्यात धरून उभी होती, मी इतका खुश झालो की त्या दिवशी आणखी जास्त वेळा बघितलं. नवव्या दिवशी अंडी गायब. घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाते, म्हणजे घातलेली शक्ती परत अंगात घेते, तिच्या बाजूने ते अगदी बरोबर आहे. अशी दोनदा अंडी गेली आणि मग ती मेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. पुढच्या राणीला मी कपाटात मागे ठेवलं आणि आठवड्यातून एकदाच, तेही लाल उजेडात बघायचं ठरवलं, कारण लाल रंग बहुतेक मुंग्यांना नीट दिसत नाही.

अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून कामकरी मुंगी. याला जातीप्रमाणे आणि उबेप्रमाणे चार ते आठ आठवडे लागतात, थंडी असेल तर आणखी. काही जातींचे कोष रेशमी पिशवीत असतात, काहींचे उघडेच, पांढरे, पाय-मिशा दुमडलेल्या स्पष्ट दिसतात. माझ्याकडे पिशवीवाले होते. एका रविवारी बघतो तर राणी एका पिशवीचं टोक जबड्याने हळूहळू कातरत होती, आणि आतून एक फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक मुंगी अर्धी बाहेर आली होती, पाय थरथरत होते, आणि राणी तिला चाटत होती. पहिल्या कामकरी नेहमी लहानखुऱ्याच निघतात, कारण राणीकडे होतं तेवढंच वाटायचं असतं. त्यांना बघून कुपोषण झालं समजू नका.

आता मात्र खायला द्यायचं. मधाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, आणि अळ्यांसाठी एखाद्या छोट्या किड्याचा मऊ तुकडा, किडा आधी मारलेला आणि उकळत्या पाण्यातून काढलेला, म्हणजे बारीक गोचिडासारखे माइट सोबत येत नाहीत. मोठ्या मुंग्या घन पदार्थ गिळूच शकत नाहीत, ते काम अळ्यांचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर बुरशी ठरलेली.

आणि मोठं घर द्यायची घाई करू नका, यात सगळ्यात जास्त वसाहती वाया जातात. पाच मुंग्या आणि हातभर काचेचं घर, त्यांना ते ओसाड वाटतं, कचरा कोपऱ्यात साचतो. वीस-तीस झाल्या की जुन्या ट्यूबचं तोंड नव्या घराला जोडा, जुनीवरचा कागद काढा, नवीन अंधारात ठेवा, त्या स्वतःच अंडी उचलून जातील, कधी रात्रीत, कधी महिन्याने. आणि हो, दुसऱ्या वारुळातल्या मुंग्या आणून टाकू नका, वास वेगळा असतो, मारामारी होते. वसाहत नकोशी झाली तरी लांबच्या प्रदेशात सोडायची नाही, जिथली राणी तिथेच.

हे काम लांबचं आहे हेही ऐकून ठेवा. हर्मान अ‍ॅपेल नावाच्या कीटक अभ्यासकाकडे लॅसियस नायगर या साध्या काळ्या मुंगीची एक राणी २८ वर्षांहून जास्त जगली. त्या एका उड्डाणात मिळालेले शुक्रजंतू ती पोटातल्या पिशवीत साठवते आणि आयुष्यभर पुरवते.

माझ्या त्या दुसऱ्या राणीच्या पहिल्या कामकरीला मी मधाचा थेंब दिला तेव्हा ती पंधरा मिनिटं हललीच नाही, पीतच होती, पोट फुगून पट्ट्यापट्ट्यांमधली कातडी सोनेरी दिसायला लागली. मग वळली, सरळ आईकडे गेली, आणि तोंडाला तोंड लावलं. दीड महिन्यानंतर राणीच्या पोटात गेलेला तो पहिला घास.