भिंत किती वाजता बघता?

नमस्कार श्रोतेहो.

मी रंगारी. चित्रं काढणारा नव्हे, भिंती रंगवणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागे एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं, तर मुलं कागद आणि खडूचे डबे मांडून बसली होती. मी पिशवीतून लांबी, म्हणजे भिंतीचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायचा पत्रा काढून दाखवला. मुलं हिरमुसली.

आज विषय दिलाय ‘रंगकामात यशस्वी करिअर’. करिअर हा शब्द आमच्याकडे आत्ता आत्ता आला. १९८९ साली मी नाशिकच्या सिडकोतून सायकलवर निघायचो तेव्हा शेजारी विचारायचे, काय करतोस रे? मी म्हणायचो, रंगाला जातो. उस्तादांच्या हाताखाली, रोजंदारीवर. पहिलं वर्षभर उस्तादांनी ब्रशला हात लावू दिला नाही. घासकागद दिला. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. संध्याकाळी घरी गेलो की आई म्हणायची, पिठाच्या गिरणीत लागलास का काय?

आता आयटीआयच्या व्यवसायांमध्ये ‘पेंटर जनरल’ आहे, दोन वर्षांचा. प्रमाणपत्र मिळत असेल तर जरूर घ्या, पुढे कंपनीतलं काम मागताना उपयोगी पडतं. पण वर्षभर भिंत घासा. भिंत कुठे पोकळ वाजते, कुठे दमट आहे, कुठे आधीच्या माणसाने घाई केली, हे तळहाताला कळतं, डोळ्याला नाही.

आधी भिंत, मग रंग. पुन्हा सांगतो, आधी भिंत, मग रंग. नव्या प्लॅस्टरला निदान २८ दिवस द्या. ओल दिसली तर रंगाचा डबा उघडूच नका. ओल येते कुठून ते शोधा. वरच्या मजल्याचं न्हाणीघर, गच्चीची भेग, भिंतीतला पाईप, तिघांपैकी कुणीतरी एक गुन्हेगार असतोच. गिऱ्हाईक म्हणतं, ते राहू द्या हो, दिवाळीच्या आत रंग मारून द्या. नाशिकचा पाऊस सप्टेंबर संपेपर्यंत रेंगाळतो आणि दिवाळी कधी कधी ऑक्टोबरातच येते. भिंत वाळायला दिवस आणायचे कुठून? तिथे नाही म्हणता आलं पाहिजे. मी सुरुवातीला हो म्हणायचो. माझे पोपडे गंगापूर रोडच्या निम्म्या बंगल्यांनी बघितलेत.

मोजमाप शिका. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले उंची, ४४० चौरस फूट. छत १२० चौरस फूट. झाले ५६०. त्यातून दारं-खिडक्या वजा. १०० चौरस फुटांचा एक ब्रास. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर, टेप धरून, त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. अंदाजाने दर सांगणारा रंगारी एक तर गिऱ्हाइकाला बुडवतो नाही तर स्वतःला. मी बहुतेक वेळा स्वतःलाच बुडवलंय.

उस्ताद मूळचे पाटी रंगवणारे. रविवार कारंजा ते भद्रकाली, निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. ‘किराणा व भुसार’ मधला त्यांचा भ असा वळायचा की माणूस उधारी विसरून बघत राहायचा. फ्लेक्स आला आणि तो हात गेला. आता चौकाचौकात वाढदिवसाचे चेहरे, एकाचंही नाव नीट वाचता येत नाही. आणि जाहिराती? पूर्वी रंगाच्या डब्यावर गट्टू असायचा, हातात ब्रश घेतलेला खोडकर पोरगा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ साली काढला. तो निदान रंगाने बरबटलेला तरी दिसायचा. आताच्या जाहिरातीत नट सोफ्यावर बसलेला असतो, भिंत आपोआप रंगते आणि रंगारी कुठे दिसतच नाही. असो. विषय तो नाही.

खरं सांगू का, मी आलोय ते एक गोष्ट सांगायला. निवेदक ताई म्हणाल्या होत्या, काका, दोन मिनिटांत आटपा. बघू.

१९९२ चा जानेवारी. उस्तादांपासून वेगळा होऊन मी पहिलंच काम अंगावर घेतलं होतं. पंचवटीत, काळाराम मंदिराच्या मागच्या अंगाला एक वाडा होता. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळी आळी त्यांना बाई म्हणायची, मीही बाईच म्हणायचो. काम एवढंसं, फक्त देवाची खोली. उदबत्ती आणि समईच्या काजळीने भिंती काळ्याकुट्ट झालेल्या. बाई म्हणाल्या, “मोतिया रंग हवा. पांढरा नको, पिवळा नको. मोतिया.”

तेव्हा आजच्यासारखं यंत्रात नंबर टाकला की रंग बाहेर, असं नव्हतं. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये पिवळ्या स्टेनरचे, म्हणजे छटा देणाऱ्या दाट रंगाचे, थेंब टाकायचे, चकाकी कमी करायला काळ्याचं एक टिंब, आणि काठीने ढवळत बसायचं. मी मन लावून केला. दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता गेलो तर बाई दारातच. “हिरवट झालाय.”

मी बघितलं. मोतिया. स्वच्छ मोतिया. पण पिवळ्यात काळं पडलं की हिरवट झाक येते हे खरं आहे, रंगाऱ्याला ते माहीत असतं. म्हटलं, काळं जास्त झालं असेल. काळं काढून टाकलं, नवीन माल कालवला, परत एक हात. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाई दारात. “हिरवटच आहे.”

तिसऱ्यांदा मी दुकानातून तयार मोतियाचा डबा आणला. पदरचे पैसे घालून. दुकानदाराला सगळी हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, “अरे, बाईंना मोतिया नको असेल, मोतीबिंदू झाला असेल.” आम्ही पोट धरून हसलो. हा विनोद मला इतका आवडला की वाड्यात आल्यावर हाताखालच्या पोराला मी तो परत सांगितला. जरा मोठ्यानेच. बाई माजघरात तांदूळ निवडत होत्या.

सुपाचा आवाज थांबला.

संध्याकाळी निघताना बाई म्हणाल्या, “उद्या सात वाजता ये. दहाला नाही. सातला.”

नाशिकची जानेवारीतली सकाळ ज्यांनी सायकलवर काढलीय त्यांना मी काय सांगू! सिडको, त्र्यंबक नाका, शालिमार, रविवार कारंजा आणि मग होळकर पूल. पुलावर गोदेवरून असा वारा आला की हँडलवरची बोटं माझी आहेत की सायकलची, कळेना. वाड्यात पोचलो. बाईंनी चहा दिला, देवासमोर स्वतःचा पाट मांडला आणि म्हणाल्या, “बस. मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही.”

मी बसलो. समोर भिंत. भिंत मोतिया. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोतिया. मी मनात म्हटलं, जिंकलो. आता पैसे मागतो.

साडेसातच्या सुमाराला ऊन आलं.

पूर्वेच्या खिडकीबाहेर शेजाऱ्याची पडवी होती. दोनच महिन्यांपूर्वी त्याने तिच्यावर हिरव्या फायबरचे पन्हळी पत्रे टाकले होते. ऊन त्या पत्र्यांतून गाळून खिडकीत आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळी भिंत पोपटी झाली. छत पोपटी. चांदीचा बाळकृष्ण पोपटी. माझ्या हातातला चहासुद्धा कसलासा काढा दिसायला लागला. काजळीच्या काळ्या भिंतीवर हे कधी उमटलंच नव्हतं, आणि नव्या भिंतीला मी दहाच्या आधी कधी बघितलंच नव्हतं. दहापर्यंत ऊन वर सरकायचं आणि भिंत पुन्हा शहाण्यासारखी मोतिया. बाई मात्र रोज सात ते साडेआठ तिथेच बसायच्या, त्याच पाटावर, पूजेला.

बाई माझ्याकडे न बघता वाती वळत होत्या. म्हणाल्या, “मोतीबिंदू कुणाला झालाय रे?”

श्रोतेहो, तेहतीस-चौतीस वर्षं झाली, अजून पुलावरून जाताना कान गरम होतात.

शेजाऱ्याला पत्रे काढ म्हणायची सोय नव्हती. भाऊबंदकी होती, कोर्टात. मी गेलो उस्तादांकडे. ते आधी भरपूर हसले, मग म्हणाले, “हिरव्याला लाल मारतो. गेरूचं चिमूटभर टाक.” मी तीन डब्यांत तीन प्रमाणं कालवली, हाताच्या पंजाएवढे तीन ठिपके भिंतीवर लावले आणि चक्क वाळू दिले. तीन दिवस सकाळी साडेसातला जाऊन पाटावर बसलो. ओला रंग वेगळा, वाळलेला वेगळा, आणि त्या उन्हातला आणखीनच वेगळा. तिसरा ठिपका बरोबर बसला. हिरव्या उन्हात तो अगदी मोत्यासारखा दिसायचा. फक्त दुपारी सगळी खोली गुलाबट व्हायची. ते मी घाबरत घाबरत सांगितलं, तर बाई म्हणाल्या, “दुपारी मी झोपते.”

त्या एका खोलीवर मला सात घरं मिळाली, सगळी बाईंच्या माजी विद्यार्थ्यांची. पण गोष्ट संपली नाही. पुढच्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं आणि शेजाऱ्याचे पत्रे उडाले. चौथ्या दिवशी निरोप हजर. “ये. देव गुलाबी झालेत.” गेलो. घासलं, पुन्हा पहिला मोतिया मारला. फक्त मालाचे पैसे घेतले. बाईंनी मजुरी पुढे केली होती, मी घेतली नाही. खरं तर घ्यायला हवी होती, वादळ काही मी आणलं नव्हतं.

तर नमुना लावा, वाळू द्या, आणि गिऱ्हाईक ज्या वेळी त्या खोलीत बसतं त्या वेळी बघा. पुन्हा एकदा. नमुना लावा, वाळू द्या, गिऱ्हाइकाच्या वेळी बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कार्डावर बोट ठेवून रंग ठरवू नका. आणि सगळ्या घराला राखाडी रंग द्यायची जी नवी टूम निघालीय तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. घर आहे का सिमेंटचं गोदाम?

काचेपलीकडून ताई बोटं दाखवतायत. तीन मिनिटं. मग भराभर सांगतो.

दर ठरवताना कागदावर लिहा: किती हात, अस्तर, म्हणजे रंगाच्या आधीचा प्रायमर, धरून की वेगळं, कुठल्या कंपनीचा कुठला माल, सामान कोण हलवणार, फरशी कोण पुसणार. भांडणं रंगावरून होत नाहीत, फरशीवरून होतात. पैसे तीन टप्प्यांत घ्या. सगळी उचल आधी घेतली की आपलाच हात जड होतो.

घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या त्याच्या कितीतरी आधी रंगवलेली. तो ऑइल पेंट कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. आम्ही तोंडाला फडकंही बांधत नव्हतो. उस्तादांचा खोकला मी शेवटपर्यंत ऐकलाय.

परांचीवर चढताना पट्टा बांधा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल आणि वय १८ ते ६० असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. रंगारी त्यात येतो. बऱ्याच पोरांना वाटतं, ते फक्त गवंड्यांसाठी आहे.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. २०१५ च्या आधी आम्हाला जेवायला वेळ नव्हता, आणि पर्वण्या झाल्यावर चार महिने ब्रश कोरडे. तेव्हा आता जे मिळेल त्यातून मोटरसायकल नको, स्वतःची परांची घ्या. भाडं वाचेल.

आणि शेवटची बातमी. बाईंचा वाडा गेला, तिथे सात मजली इमारत झाली. गेल्या आठवड्यात बाईंच्या नातवाचा फोन आला. म्हणाला, काका, वरचा फ्लॅट आमचा आहे, आजीच्या खोलीसारखा मोतिया करून द्याल का? मी विचारलं, भिंत किती वाजता बघता? तो म्हणाला, मी कामावरून येतो रात्री अकराला.

उद्या रात्री अकराला चाललोय, तीन डबे घेऊन. नमस्कार.