शरदातले पतंग टिपताना

श्रोतेहो, नमस्कार.

फुलपाखरांचं कौतुक सगळेच करतात. पतंग घरात शिरला की मात्र आपण खिडकी लावून घेतो. जगभरात पतंगांच्या सुमारे १ लाख ६० हजार जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत, फुलपाखरांच्या जेमतेम १८ हजार! आणि आपल्याच बागेत रात्री कोण येऊन जातं, याचा आपल्याला पत्ता नसतो.

हा पत्ता लावायला शरद ऋतू फार चांगला. अंधार लवकर पडतो, जागरण लागत नाही. दोरीवर पांढरी चादर ताणायची, समोर दिवा लावायचा आणि चादरीवर येऊन बसलेले पतंग मोजायचे. वारा पडलेला, आभाळ भरून आलेलं, हवा जरा उबदार, अशी रात्र निवडा.

पतंग दिव्यावर भाळतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दाखवलं. उडताना हे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. एरवी रात्री उजेड आभाळाकडून येतो. मध्येच आपला दिवा आला, की पाठ तिकडे वळते आणि बिचारा घिरट्यांत अडकतो. म्हणून कळकळीनं सांगतो, मोजणी झाली की दिवा मालवा.

गारवा वाढला की चादरीवरचा एखादा जाडजूड पतंग नुसता थरथरताना दिसेल. तो घाबरलेला नसतो, उडायचे स्नायू तापवत असतो. अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. तेवढ्या वेळात त्याच्या मिशा बघून घ्या. पिसासारख्या झुपकेदार असतील तर बहुधा नर. मादीचा गंध तो त्यांनीच टिपतो.

वहीत तारीख, वेळ, तापमान, चंद्र आणि प्रत्येक प्रकारचे किती, एवढं लिहा. नाव ठाऊक नसेल तर फोटो काढा. दिवा तोच, जागा तीच ठेवा. दुर्मीळ पतंगाच्या मागे लागू नका, रोजचेच मोजा. ब्रिटनमध्ये १९६८ पासून ठिकठिकाणी प्रकाश-सापळे लावून असेच साधे पतंग मोजले गेले. त्यातूनच कळलं, की ३५ वर्षांत तिथल्या मोठ्या आणि सर्रास दिसणाऱ्या पतंगांपैकी दोन तृतीयांश जाती घटल्या.

एखाद्या रात्री एकही आला नाही, तर तारीख घालून शून्य लिहा. पान कोरं राहिलं, तर त्या रात्री दिवा लावला होता की नाही, हेच पुढच्या वर्षी समजणार नाही.

नमस्कार.