बारा बाय सहा

(दृश्य: जिना, शटर, अंधार. टेबलावरचे दिवे एकेक करून लागतात.)

सकाळचे साडेनऊ. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागची गल्ली, वर मोबाईल कव्हरचं दुकान, शेजारी क्लासेस, आणि त्यांच्या मधून हा जिना खाली उतरतो. रोज इथून जाणाऱ्यांनाही खाली काय आहे ते माहीत नसतं. काका शटर वर करतात, दिवे लावतात आणि चहा, झाडू, उदबत्ती सगळं राहू देऊन आधी इस्त्री गरम करायला ठेवतात.

ही इस्त्री कपड्यांची नाही, स्नूकर टेबलाची आहे. हातात घेऊन बघा, मनगट खाली जातं. आधी ब्रश, मग इस्त्री, आणि दोन्ही एकाच दिशेनं, डी च्या, म्हणजे अर्धवर्तुळाच्या खुणेच्या बाजूकडून ब्लॅक बॉलच्या टोकाकडे. उलट फिरवायची नाही, मध्ये थांबवायची नाही, थांबली की कापड करपलं. म्हणून काका आधी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर टेकवून बघतात, कागद पिवळा पडला तर अजून थंड होऊ द्यायची. हे ते गेली वीसेक वर्षं रोज करतायत. त्यांना सगळे मार्कर म्हणतात, स्कोअर ठेवणारा, बॉल स्पॉटवर, म्हणजे ठरलेल्या ठिपक्यावर लावणारा, टेबल सांभाळणारा माणूस. आजच्या पूल पार्लरमध्ये, पूल म्हणजे छोट्या टेबलावरचा याच जातीचा खेळ, हा शब्दच ऐकू येत नाही, कारण तिथे टेबल सांभाळायला असं कुणी ठेवतच नाहीत.

इस्त्री कशाला, तर हे कापड लोकरीचं असतं आणि त्याला लव असते, मांजराच्या पाठीवर हात फिरवल्यासारखी, एका बाजूनं मऊ आणि दुसऱ्या बाजूनं अडणारी. लव जिकडे झोपलीय तिकडे बॉल सरळ जातो, उलट दिशेनं हळू सोडला तर शेवटच्या फूटभरात वळतो. साइड देऊन, म्हणजे बाजूला मारून फिरकी देऊन सोडला तर आणखी गंमत, लवेच्या दिशेनं एकीकडे ओढला जातो आणि लवेच्या विरुद्ध नेमका दुसरीकडे. खेळाडू वर्षानुवर्षं हे डोक्यात बसवतो आणि मग पावसाळा येतो, बेसमेंटला ओल धरते, कापड दमट होतं, बॉल जड चालतो, कडेचं रबरी कुशन वेगळं बोलायला लागतं. मोठ्या स्पर्धांत टेबलाला खालून हीटर असतात. इथे काकांची इस्त्री आहे.

(दृश्य: मुलगा क्यूची, खेळायच्या काठीची, पेटी उघडतो. दोन तुकडे जोडतो, टिपला चॉक लावतो.)

हा मुलगा एकोणीस वर्षांचा, सिडकोत राहतो, वडील अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला. दहावीच्या सुट्टीत मित्रांबरोबर सहज आला होता, बाकीचे महिन्याभरात कंटाळले, हा राहिला. आता रोज चार तास. आधी तासभर एकच शॉट मारतो, टेबलाच्या मधोमध ब्लू स्पॉटवर बॉल, सरळ रेषेत क्यू बॉल, म्हणजे पांढरा, वरच्या कोपऱ्यातलं पॉकेट. पॉट झाला, म्हणजे पॉकेटात गेला, की परत लावायचा. बघताना सोपं वाटतं पण बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा आहे आणि लांबून पॉकेटचं तोंड केवढंसं दिसतं ते इथे क्यूच्या मागून घेतलेल्या शॉटमध्ये बघा. पूलच्या टेबलावर जरा चुकलेला बॉलही जबड्याला लागून आत जातो. इथे पॉकेटचे कोपरे गोल असतात, तेवढाच चुकलेला बॉल दोन्ही बाजूंना खडखडतो आणि बाहेर येतो. "पूलवर प्रॅक्टिस कर ना, तेच तर आहे," असं त्याला नातेवाईक सांगतात. तेच नाहीये हो.

मी स्वतः कॉलेजात असताना नाशकात तीन ठिकाणी खेळलोय. एक जिम झालं, एकात मॉड्युलर किचनची शोरूम आहे, तिसरं हे. जागेचं गणित बघितलं की मालकावर राग धरवत नाही. टेबल बारा बाय सहा फुटांचं, क्यू पाच फुटांच्या आसपास, म्हणजे चारही बाजूंनी हात मागे घ्यायला पाच-पाच फूट मोकळी जागा लागते. बावीस बाय सोळा, साडेतीनशे चौरस फूट, एवढ्यात एका वेळी खेळणार बहुतेक दोघंच. त्याच जागेत पूलची दोन टेबलं बसतात, कोपऱ्यात प्लेस्टेशन बसतो. कॉलेज रोडला भाडं चौरस फुटावर लागतं, खेळ किती जुना आहे त्याच्यावर नाही.

आणि जुना म्हणजे आपलाच आहे हा खेळ. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल मांडून तो सुरू केला असं मानतात, नियम पक्के झाले उटीच्या क्लबात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकली, कुठल्याही खेळातला भारताचा पहिला जगज्जेता तो. जन्मानं पुण्याचाच असलेला पंकज अडवाणी 2003 मध्ये अठराव्या वर्षी चीनमध्ये जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकला. मुंबईच्या आदित्य मेहतानं 2013 मध्ये वर्ल्ड गेम्सचं सुवर्ण आणलं आणि 2014 मध्ये जर्मनीतल्या स्पर्धेत 147 चा ब्रेक मारला, म्हणजे एकाच पाळीत पंधरा रेड, प्रत्येक रेडनंतर ब्लॅक आणि शेवटी सहाही रंग. पुणे आणि मुंबईच्या मुलांकडे जिमखाने होते, अजून आहेत. नाशिकनं धावपटू कविता राऊत दिली, चांदवडच्या दत्तू भोकनळनं 2016 ला ऑलिंपिकमध्ये वल्हं मारलं, म्हणजे या जिल्ह्यात चिकाटी कमी आहे असं कुणी म्हणू नये. धावायला रस्ता मिळतो, वल्हवायला पाणी मिळतं. स्नूकरला टेबलच लागतं.

(दृश्य: दोन नंबरचं टेबल. फिटर कुशनचे बोल्ट सोडवतोय.)

आता हा दिवस. फिटर मुंबईहून आलाय आणि त्याच्याकडे दोन कामं आहेत. दोन नंबरचं टेबल उतरवायचं आणि एक नंबरला नवीन कापड घालायचं. दोन नंबर विकून एक नंबरचं कापड आलं, इतका सरळ हिशोब आहे.

आधी कुशन निघाली, सहा. मग पिना उपटून जुनं कापड ओढलं, आणि खाली ही करडी स्लेट, दगड, पाच तुकडे शेजारी शेजारी. स्नूकर टेबल लाकडाचं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. लाकूड फक्त अंग आहे, खेळ दगडावर चालतो. एकेक तुकडा दीडशे किलोच्या पुढे. सहा माणसं, दोन पट्टे, आणि जिन्याला मधेच वळण. पहिला तुकडा वर जायला वीस मिनिटं लागली, आम्ही कॅमेरा जिन्याच्या वरच्या टोकाला ठेवला होता, हे सगळं न कापता ठेवलंय, बघा. "दम खा, दम खा, डावीकडून घ्या." काका खाली उभे होते, त्यांना कुणी उचलू दिलं नाही. शेवटी आठ पाय, तेही टेम्पोत गेले. टेबल गंगापूर धरणाकडच्या एका फार्महाऊसला गेलं.

(दृश्य: एक नंबरचं टेबल, उघडी स्लेट. फिटरचा तळहात.)

मग दुपारनंतर एक नंबर. स्लेटच्या जोडांवरचं जुनं भरण पात्यानं खरवडून काढलं, नवीन भरलं, घासलं, आणि फिटर डोळे मिटून जोडावरून तळहात फिरवत होता. हाताला जोड लागला नाही पाहिजे, लागला तर बॉललाही लागणार. लेव्हल ठेवली, बुडबुडा केसभर डावीकडे, स्लेटखाली जाड कागदाचा तुकडा सरकवला, परत लेव्हल, परत कागद. ह्यात दीड तास गेला. मुलगा तोवर बाजूला बसून टिप घासत होता, चामड्याची असते, जेमतेम दहा मिलिमीटरची, नवीन बसवली की घुमटासारखा आकार येईपर्यंत घासावी लागते.

कापड उलगडलं तेव्हा त्या बेसमेंटमध्ये एकदम वेगळाच हिरवा रंग आला. लवेची दिशा तपासून पसरलं, एका टोकाला ठोकलं, दुसऱ्या टोकाकडून दोघांनी पाय रोवून ताणलं. सुरकुती राहिली की संपलं. पॉकेटपाशी कात्री लावताना फिटर कुणाशी बोलत नव्हता. आणि मग माझा आवडता भाग, खुणा. खालच्या कुशनपासून एकोणतीस इंचांवर रेघ, रेघेच्या मध्यावरून साडेअकरा इंच त्रिज्येचं अर्धवर्तुळ, हा डी. वरच्या कुशनपासून पावणेतेरा इंचांवर ब्लॅकचा ठिपका. "काका, ब्लॅकचा जरा परत मोजा ना." "मोजलाय रे बाळा, दोनदा मोजलाय." तरी तिसऱ्यांदा मोजला.

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन, पहाट. पाठीवर लांब पेटी.)

शनिवारी मुलगा पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जातो, ओळखीनं एका ठिकाणी सहा तास टेबल मिळतं, रात्री परत. पेटी बघून डब्यात विचारतात बंदूक आहे का, बासरी आहे का. डिप्लोमाचं दुसरं वर्ष राहिलंय. आशियाई खेळांत 2010 च्या ग्वांगझूनंतर हा खेळ नाही, ऑलिंपिकमध्ये कधी नव्हता, म्हणून घरी खेळाडूंच्या ग्रेस मार्कांचा आणि कोट्याचा विषय निघाला की तो उठून गॅलरीत जातो. आईशी बोलायचं होतं, त्यांनी कॅमेऱ्यासमोर यायला नको म्हटलं.

लोक म्हणतात पार्लर म्हणजे टपोरी पोरांचा अड्डा. काही ठिकाणी होते तसे, धूर असायचा, पैसे लावून फ्रेम, म्हणजे डाव, चालायच्या. पण इथे भिंतीवर काकांच्या अक्षरात लिहिलंय, टेबलावर बसू नये, सिगारेट बाहेर, हरलेल्यानं हात मिळवावा. फाउल झालेला दुसऱ्याला दिसला नाही तरी ज्याच्याकडून झाला तो स्वतः सांगतो. मनपानं नवीन क्रीडा संकुलात एक खोली, एक टेबल आणि एक मार्कर एवढं जरी ठेवलं तरी ह्या मुलाची शनिवारची गाडी वाचेल. बावीस बाय सोळाची खोली. बॅडमिंटन कोर्टाच्या अर्ध्यापेक्षाही कमी.

(दृश्य: रात्र. एकच टेबल उजेडात. शेजारी रिकामी फरशी.)

दोन नंबर जिथे होतं तिथे फरशीवर आठ गोल डाग राहिलेत, पायांचे. काकांनी त्यावर ओलं फडकं मारून बघितलं, निघत नाहीत. भाड्याचा करार दिवाळीपर्यंत आहे.

नवीन कापडावर पहिल्या दिवशी बॉल फार पळतो, क्यू बॉल ठरवलेल्या जागेच्या फूटभर पुढे जातो. मुलानं पंधरा रेड मधोमध एका रांगेत मांडले, एक रेड, एक रंग, परत रेड, न चुकता सगळे संपवायचे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. पहिल्यांदा तीनवर चुकला. मग पाचवर. मग पहिल्याच रेडवर. काका खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात आकडे म्हणायला लागले, रेडचा एक, ब्लॅकचे सात, एक, आठ, नऊ, सोळा.

आम्ही कॅमेरा बंद केला तेव्हा टेबलावर सहा रेड बाकी होते.