फियाटच्या पोटाखाली

(दृश्य: नाशिकमध्ये वडाळा नाक्याजवळचं गॅरेज, सकाळ. शटर वर जातंय. खड्ड्यावर उभी पांढरी फियाट, मागच्या बाजूने.)

वरून बघितलं तर या गाडीला काही झालंय असं कुणी म्हणणार नाही. पांढरा रंग जागेवर आहे, बंपर पुसला की चमकतो, सीटना नवी कव्हरं चढलीत. पण जुन्या गाडीचा खरा हिशोब तिच्या पोटाखाली असतो. म्हणून आपण कॅमेरा घेऊन सरळ खड्ड्यात उतरतोय.

(दृश्य: खड्ड्यातून वर. बॅटरीचा झोत.)

हा मागची दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल. त्याच्या दोन्ही बाजूंना, गाडीच्या लांबीत बसवलेले हे पाटे, गाडीचं वजन आणि रस्त्याचे धक्के झेलणारे. आणि इंजिनापासून निघून मागे आलेला हा एक्झॉस्टचा पाईप, त्याला लटकलेला सायलेन्सर. तिन्हींचा रंग आता एकच झालाय, गंजाचा. गॅरेजवाले चाचा स्क्रू ड्रायव्हरचं टोक सायलेन्सरला लावतात. टोक आत जातं. जोर लावावा लागला नाही, ते दिसतंच आहे.

"हा गेला," चाचा म्हणतात. मग पाट्यावर हातोडीचा एक हलका ठोका. "हा नाही गेला. हा बोलतोय अजून."

(दृश्य: जुने फोटो. वाड्याच्या दारात गाडी. त्र्यंबक रस्त्याला झाडाखाली गाडी, टपावर सामान.)

बॉनेटवर अक्षरं प्रीमियर पद्मिनीची, पण नाशिकमध्ये हिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चूकही नाही. इटलीच्या फियाट 1100 चं हे आपल्याकडचं रूप. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1964 पासून ती बनू लागली, तेव्हा नाव होतं फियाट 1100 डिलाइट. 1972 ला ती प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि मागे ट्रकला असतात तसलेच, फक्त लहान, पोलादी पाटे.

प्रीमियर उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, 1944 साली. आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग फियाट. याच वालचंदांनी आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात 1933 साली साखरेचा उद्योग सुरू केला आणि 1942 पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. म्हणजे या गाडीच्या मागच्या सीटवर बसून ज्यांनी लहानपणी रावळगावची गोळी चोखली, त्यांची गाडी आणि गोळी एकाच घरातून आली होती. दुरुस्तीशी याचा काही संबंध नाही. पण फियाट नाशिकला उपरी नाही, एवढं सांगून ठेवलेलं बरं.

ही गाडी 1986 ची. मालक नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये होते. राहायला जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या बाजूला. आता गाडी त्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या नावावर आहे.

(दृश्य: काकू, वाड्याच्या ओट्यावर.)

"हे गेल्यावर गाडी बाहेर निघालीच नाही. एकदा भंगारवाल्याला बोलावलं. त्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, वजन किती म्हणून विचारलं."

(दृश्य: गोदाघाट. दुतोंड्या मारुती. मग मोबाईलवर काढलेलं पुराचं जुनं चित्रण.)

गंज लागायला नाशिक तसं वाईट शहर नाही. समुद्र नाही, हवा कोरडी. मुंबईच्या गाडीचा पत्रा खाऱ्या हवेने पार खाल्ला जातो, तो प्रकार इथे नाही. पण इथे गोदावरी आहे. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की जुनं नाशिक घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. कंबरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, ही आपली पूर मोजायची पट्टी. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ही गाडी बोळात उभी होती. पाणी अ‍ॅक्सलच्या वर गेलं. इंजिन वाचलं, सीटा वाचल्या. पाणी ओसरल्यावर गाडी वरून धुतली गेली. खालून कुणी धुतली नाही.

(दृश्य: गाडी जॅकवर. लोखंडी घोड्या लावताना. चाकं उतरतात.)

आता काम. गाडी जॅकवर घेतली, घोड्यांवर टेकवली. एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा या गॅरेजचा पहिला नियम आहे आणि पोरांना तो शिव्यांसकट पाठ आहे. मग पेट्रोलची टाकी उतरवली. टाकी मागेच असते आणि पुढे इथे गॅसची ज्योत लागणार आहे.

प्रत्येक नट-बोल्टावर आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवलं होतं. चाचांचा हात बघा. नट सोडवायच्या आधी ते तो किंचित आवळतात. गंजाची पकड अशी उलट्या दिशेने मोडली की नट सुटायची शक्यता वाढते. सरळ जोर लावला की बोल्टच तुटतो. जे नट तरीही हलले नाहीत त्यांना ज्योत दाखवली. लोखंड तापून फुगतं, निवताना आकसतं, आणि त्या हालचालीत गंज भुगा होऊन पडतो.

अ‍ॅक्सलला पाट्यावर बांधून ठेवणारे यू-बोल्ट मात्र सोडवत बसले नाहीत. सरळ ग्राइंडरने कापले. यू-बोल्ट एकदा ताणून बसला की पुन्हा वापरायचा नसतो, मग जपायचा कशाला?

(दृश्य: पाट्यांचा जुडगा बाकावर. सी-क्लॅम्प. सेंटर बोल्ट कापला जातोय. पाटे वेगळे होतात. जवळून.)

इथे जरा थांबू, कारण सगळ्या कामाचं मूळ इथे आहे.

वेगवेगळ्या लांबीचे पाटे एकावर एक ठेवून मधून एका बोल्टने धरलेले असतात. सगळ्यात वरचा, सगळ्यात लांब, तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली. पुढचं टोक बॉडीला थेट अडकतं. मागचं टोक अडकतं ते शॅकलला, म्हणजे झुलणाऱ्या दोन पट्ट्यांना. वजन पडलं की पाटा सरळ होतो, लांब होतो, त्या लांबीला जागा हवी म्हणून शॅकल. साधी रचना आहे. फक्त पाटे एकमेकांवरून सरकले पाहिजेत.

हे सरकत नव्हते. क्लॅम्प हळूहळू सैल केला, कारण दाबलेला जुडगा एकदम सुटला तर पाटा अंगावर येतो. आणि तरीही पाटे सुटले नाहीत. पावसात भिजून सुकलेल्या वहीची पानं चिकटावीत तसे चिकटले होते. छिन्नीने एकेक उलगडला. मधे हा तपकिरी थर दिसतोय, त्यात निम्मा गंज आहे आणि निम्मा गाळ. गोदेचा. इतकी वर्षं तो तिथेच बसून ओल धरून होता.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पाट्यांच्या फटीत तो धरला की फुगतो आणि पाट्यांना एकमेकांपासून ढकलतो. बाहेरून जुडगा जाड, भरभक्कम दिसतो. आतला पाटा पातळ होत असतो.

(दृश्य: वायर ब्रश, ठिणग्या. मग अंबडच्या कारखान्यातली ब्लास्टिंगची खोली, काचेतून.)

वरचा थर वायर ब्रशने काढला, बाकी काम अंबडला. बंद खोलीत पोलादी कणांचा मारा करून धातू उघडा करतात. कुणी म्हणेल, अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवायचं, कमी कष्ट. पत्र्याच्या ब्रॅकेटला चालेल. पाट्याच्या कडक पोलादाला नाही. अ‍ॅसिडची लोखंडावर क्रिया होताना हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. पाटा चकचकीत दिसेल आणि एखाद्या गतिरोधकावर काडकन मोडेल.

(दृश्य: पाट्यावर रॉकेल. पुसलं जातंय. खडूचा थर. चाचा वाट बघतायत, चहा.)

आता हे बघा. पाट्यावर रॉकेल फिरवलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसलं, वरून खडूची पूड. काहीच घडत नाही. मग या दुसऱ्या पाट्यावर, सेंटर बोल्टच्या भोकाशेजारी, पांढऱ्यात एक ओली काळी रेघ उमटते. तीच भेग. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूने शोषून वर आणलं. मोठ्या कारखान्यांत हेच काम लाल रंगाच्या फवाऱ्याने करतात आणि त्याला प्रमाणपत्र मिळतं.

भेग गेलेला पाटा वेल्डिंग करत नाहीत. करतो म्हणणारा भेटला तर त्याच्याकडून गाडी परत घ्यावी. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं आणि पाटा पुढच्या वेळी शेजारी मोडतो.

(दृश्य: आडगाव नाका. ट्रकच्या रांगा. पाटेवाल्यांची भट्टी.)

नवा पाटा आडगाव नाक्याला मिळाला. इथे सगळं काम ट्रकचं. फियाटचा पाटा बघून भट्टीवरची पोरं हसली, ते चित्रणात आहे. पण मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या एका फियाटचा धड पाटा मागवला, फरशीवर ठेवला आणि त्याच्या कडेने खडू फिरवला. ही कमान. प्रत्येक पाटा आता या रेघेला जुळला पाहिजे.

तापवलेला पाटा भट्टीतून निघतो, कमान घेतो आणि तेलात जातो. असं एकदम गार झालं की पोलाद कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा, आधीपेक्षा कमी तापमानाला तापवून थोडा नरम करतात. किती तापवायचं हे मिस्त्री पोलादाच्या रंगावरून ठरवतात. सातपूरच्या मोठ्या कारखान्यांत यासाठी मीटर लावलेल्या भट्ट्या आहेत. इथे डोळा आहे, आणि भट्टीपाशी मुद्दाम ठेवलेला अंधार.

पाट्याची वरची बाजू वजनाखाली ताणली जाते, भेग तिथूनच सुरू होते. म्हणून त्या बाजूला अंबडला पुन्हा बारीक पोलादी गोळ्यांचा मारा दिला. पृष्ठभाग दाबला जातो आणि भेगेला सुरुवात करणं अवघड होतं. मग झिंकचा प्रायमर, काळा रंग, आणि दोन पाट्यांच्या मधे ग्रॅफाइटचं ग्रीस.

फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा नाही, पाटे थेट बॉडीला टांगलेले असतात. त्या जागेचा पत्राही खाल्ला होता. ते काम वेगळं उरकलं.

(दृश्य: सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापला जातोय. दोन तुकडे. आतून गंजाचा भुगा ओघळतो.)

सायलेन्सरची गोष्ट निराळी. त्याला पुराची गरज पडली नसती. तो आतून सडतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. वाफ असते, म्हणून दिसत नाही. लांबच्या प्रवासात पाईप इतका तापतो की ती बाहेर निघून जाते. पण घर ते भाजी बाजार, बाजार ते घर, एवढ्या फेरीत सायलेन्सर तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, आत साठतं, धुरातला गंधक त्यात मिसळून ते आंबट होतं. जपून, थोडी थोडी चालवलेली गाडी सायलेन्सरच्या बाबतीत जास्त मार खाते. कापलेल्या तुकड्यात आतले पडदे दिसायला हवे होते. त्यांचा हा भुगा आहे.

नवा सायलेन्सर चाचांनी तयार आणला नाही, बनवून घेतला, जाड पत्र्यातला. तळाला, सगळ्यात खालच्या जागी, सुईएवढं भोक ठेवलं, पाणी ठिबकून जायला. पाईप जुन्यावरून वाकवला. मॅनिफोल्डला, म्हणजे पाईप इंजिनाला जोडतो तिथे, पितळी नट लावले, ते उष्णतेने जाम होत नाहीत. टांगायचे रबर नवे.

(दृश्य: सगळं जागेवर. गाडी चाकांवर उतरते. चाचा पुन्हा खड्ड्यात.)

जोडणीतली एक गोष्ट अनेक ठिकाणी चुकते. पाट्याच्या टोकांना रबरी बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या रबरी नळ्या असतात. गाडी वर टांगलेली असतानाच त्यांचे बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी बोल्ट हाताने बसवले, गाडी चाकांवर घेतली, मागे दोन माणसं बसवून हलवली, आणि मग आवळले.

(दृश्य: इंजिन सुरू. मागचा पाईप. काकू दार उघडून मागच्या सीटवर बसतात. गंगापूर रस्ता.)

आवाज ऐका.

पीयूसी झाली. फुटक्या सायलेन्सरचा धूर गंजलेल्या तळातून आत येतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारू शकतो, तो धोका टळला. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झालं आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000. तेही भरायचं आहे.

(दृश्य: गॅरेज. चाचा हात पुसतायत. काकू काचेतून.)

"चाचा, आता काही बघायला नको ना?"

"बघायचं ना भाभी. नवीन पाटे बसतात, यू-बोल्ट सैल पडतात. पाचशे किलोमीटर झाले की आणा, परत आवळून देतो. आणि नुसती बाजारात नका फिरवू. महिन्यातून एकदा इगतपुरीपर्यंत तरी न्या, पाईप तापू द्या."