पुराचा आराखडा आणि अकराची सभा

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै लागला की कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात, चिकोडी-निपाणीकडं, माणूस माणसाला भेटला, तर पहिला प्रश्न असतो, "कृष्णेच्या राजापूर बंधाऱ्यावर पाणी किती?" कोयनेतून विसर्ग वाढला का, राधानगरीचे दरवाजे उघडले का, दूधगंगा कुठवर आली, हे चहाच्या गाड्यावर चाललेलं असतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ. कारदगा-भोज, कुन्नूर-बारवाड, जत्राट-भिवशी हे बंधारावजा पूल पाण्याखाली गेले की कुठल्या आडवाटेनं फिरून जायचं, तेही ठाऊक.

आता या माणसांना, पुराची तयारी ठरवताना, कोण काय विचारतं?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ३१ सांगतं की जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून करायचा आणि दरवर्षी तपासून सुधारायचा. चांगलं आहे. पण स्थानिक संस्था म्हणजे पंचायत, नगरपालिका. गावकऱ्यांना विचारा, असं त्या कलमात नाही. आराखड्याच्या प्रती द्यायच्या, त्याही जिल्ह्यातल्या सरकारी खात्यांना. म्हणजे तुमचं-माझं म्हणणं तिथवर पोचायचं तर ग्रामसभेतूनच. आणि ती सभा कशी होते?

नोटीस आदल्या दिवशी फळ्यावर. सभा सकाळी अकराला. शेतात भांगलण चाललेली. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागं ठरलेली. ती दोन तास सभेत बसली तर तेवढ्या विड्या घटल्या, तिला कोण भरून देणार? जे येतात त्यांच्या सह्या आधी घेतल्या जातात. मग तयार आराखडा भराभर वाचायचा, शेवटी "काही सूचना?" म्हणायचं, आणि कुणी घसा खाकरायच्या आत आभार मानायचे. पुढं कागदावर येतं : ग्रामस्थांशी चर्चा झाली. सही हजेरीची होती, ती संमतीची झाली.

अशाच एका सभेत एका म्हातारबाईंनी सांगितलं, "नदीचं पाणी पुढनं यायच्या आधी ओढ्याचं पाणी मागनं येतंय, आमची गल्ली पहिली अडकती." उत्तर मिळालं, "आजी, ते नंतर बघू." प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, त्यातलं एक अक्षर नव्हतं. नकाशावर पूररेषा नदीच्या बाजूनं आखलेली, आणि होडी ठेवायची तीही त्याच बाजूला!

दुसरी गोष्ट जनावरांची. घर सोडा म्हटल्यावर लोक सोडत नाहीत, त्याला हट्टी म्हणतात. हट्ट कसला? गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्या शाळेच्या वर्गात बांधायच्या का? काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्याची जागा, ठरवताना चाऱ्याचं आणि दावणीचं विचारलं असतं, तर निम्मी घरं पहिल्या हाकेला निघाली असती, असं माझं मत आहे. शिवाय केंद्र कुठल्या बाजूला, हेही बघायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली. रस्ता तुटल्यावर पलीकडचं केंद्र अलीकडच्या गावाला काय कामाचं?

भाषेचं बोलायलाच हवं, पण वाद बाजूला ठेवून. आपल्यातले पुष्कळ जण कन्नड बोलतात. मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या माणसाला कन्नड नोटीस वाचता येईलच असं नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं जुनं सूत्र आहे. पुराच्या इशाऱ्याहून महत्त्वाची सूचना कुठली? तरी एक सांगतो, नोटीस मराठीत आली म्हणून सभा सुधारत नाही. कन्नडभाषक गावांतली गाऱ्हाणीही हीच आहेत.

आणि हद्द. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात, मधे दूधगंगा. पाणी चढलं की लोक पाहुण्यांकडं जातात, ते पाहुणे कधी अलीकडचे, कधी पलीकडचे. धरणांच्या विसर्गावर दोन्ही सरकारं बोलतात, मंत्र्यांच्या बैठकाही झाल्या आहेत. पण समोरासमोरच्या दोन गावांना एका सतरंजीवर बसवून होडी कुठं लागेल, दवाखाना कुठला, हे विचारायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढची सभा पावसाळ्याआधी, संध्याकाळी सातला मागा. नकाशा आठवडाभर आधी चावडीवर लावायला सांगा. आपली सूचना तोंडी सांगू नका, लिहून द्या, आणि ती घेतली की नाकारली, नाकारली तर का, हे प्रोसिडिंगमध्ये लिहून मागा. आराखडा बघायला मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्या. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

नमस्कार.